मूड लागत नाही म्हणालीस त्यावरनं

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला. "काकू, महिना झाला चटणीला हात लावला नाही, मूडच लागत नाहीये, मला हे जमायचं नाही बहुतेक." लगेच उत्तर नाही दिलं, कारण दोन ओळीत सांगण्यासारखं ते नव्हतं आणि रात्री अकराला मी कुणाला शहाणपण शिकवत नाही. आज पाऊस लागलाय, गिऱ्हाईक नाही, म्हणून बसलेय निवांत.

तुला वाटतंय एप्रिलमध्ये तुला मूड होता आणि आता गेला. मला विचारशील तर एप्रिलमध्ये मूडबिड काही नव्हता, सीझन होता. उन्हाळ्यात आपल्याकडं गच्चीगच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या, कांडपाच्या गिरणीपुढं सकाळपासनं डब्यांच्या रांगा, आणि ज्यांना घरात जमत नाही त्या बायका तुला फोनवर फोन, पाच किलो कर, तीन किलो कर, ब्याडगी जास्त घाल रंगाला, तिखट बेताचं ठेव. तेव्हा कुणीपण पळालं असतं. आता श्रावण. लोकांच्या बरण्या भरलेल्या आहेत आणि त्यात कितीतरी घरात चातुर्मासाचा कांदा-लसूण बंद, मग कांदा-लसणाच्या चटणीला कोण कशाला फोन करेल गं? फोन वाजायचा थांबला आणि तू धरलंस की आपल्यातच काहीतरी बिघडलंय. तुझ्यात काही बिघडलं नाही, कॅलेंडर बदललं. या दिवसात शेंगदाण्याची कर, तिळाची कर, कारळ्याची कर, लसूण न घालता. मिरचीचं मोठं काम परत उन्हाळ्यात येईलच.

आणि ते मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघतेस ना, मीपण बघितलेत, माझा मुलगा पाठवायचा. बघताना अंगात येतं आणि तासाभरात उतरतं, उतरल्यावर आधीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं होतं. मी बंदच केले.

आठवडी बाजाराचं बघ. वार ठरलेला असतो. पाऊस असू दे नाहीतर ऊन, भाजीवाली बाई पहाटे टेम्पोत बसते, तिला कुणी विचारत नाही बाई आज मूड आहे का. तिला आपल्यापेक्षा जास्त हौस आहे म्हणून ती येते असं नाही, वार आहे म्हणून येते, आणि गिऱ्हाईक पण वार आहे म्हणून पिशवी घेऊन निघतं. घरात बसून धंदा करणाऱ्या आपल्यासारख्यांचं इथंच बिनसतं, आपल्याला वारच नसतो. कधीपण केलं तरी चालतंय म्हणलं की मग कधीच होत नाही.

म्हणून मी भडंगाची लाईन लावली, म्हणजे ठरल्या वारी ठरल्या दुकानांत माल द्यायची फेरी. मंगळवारी सांगलीत विश्रामबाग, शुक्रवारी मिरज. सुरुवातीला पाच दुकानं होती, त्यातली दोघं तर बघायची पण नाहीत, "ठेवा तिकडं" म्हणायचे. तरी मंगळवार म्हणजे मंगळवार. तीन-चार महिन्यांनी एका दुकानदारानं सांगितलं, दुसऱ्या कुणाचा तरी माल आला होता वहिनी, म्हणलं नको, मंगळवारी आमच्या वहिनी येतात. माझी भडंग त्याला लई आवडायची असं काही नाही हां, तो स्वतः गोड खाणारा माणूस. मी येणार हे त्याला माहीत होतं, एवढंच.

आता तुला २०१९ चं सांगते, तेव्हा तू शाळेत असशील. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ धरतात. गावभागात आमची भडंगाची खोली, तिच्यात छातीएवढं पाणी. उतरल्यावर दार उघडलं तर चिरमुऱ्यांच्या पोत्यांचा नुसता लगदा, काळ्या चिखलात सील मशीन आडवं पडलेलं, आणि तो वास, तो अजून कधी कधी नाकात येतो. मी दार परत ओढून घेतलं आणि बहिणीकडं जाऊन पडले. आठ-दहा दिवस नुसती पडून. मग एका मंगळवारी सकाळी त्याच दुकानदाराचा फोन, "वहिनी, आज मंगळवार, येताय न्हवं?" म्हणलं अहो द्यायला काहीच नाही माझ्याकडं. तर म्हणाला, "नसू दे, मागची उधारी तरी घेऊन जावा." १,८४० रुपये होते. गेले, घेतले, येता येता दहा किलो चिरमुरे आणि तेलाचा डबा घेऊन आले, बहिणीच्या स्वयंपाकघरात परात मांडली. त्या दिवशी मूड कसा होता विचारशील तर रडतच लसूण सोलला. भडंग बरी झाली होती.

तर तू दोन वार ठरव. जास्त नको, दोनच. आणि दुकानदाराला सांगून ये मी या वारी येणार, म्हणजे वाट बघणारं कुणीतरी झालं.

बाकीच्या दिवसांसाठी एक अगदी फालतू वाटणारी गोष्ट कर. रात्री झोपताना वजनकाटा, पाकिटं, सील मशीन टेबलावर काढून ठेव, कपाटात नको. सकाळी कंटाळा आला तर दहाच पाकिटं भरायची आणि उठायचं. खरंच उठायचं हां, अकरावं भरलंच पाहिजे असं नाही. तेवढंपण नको वाटलं तर एक वसुलीचा फोन. उधारीवाला "परवा या" म्हणेल, तर परवा जायचं, आणि तो परवा वहीत लिहून ठेवायचा, कारण त्याचा परवा आपण विसरतो हे त्याला पक्कं माहीत असतं.

वहीत डाव्या बाजूला मी काय केलं ते लिही, उजव्या बाजूला काय आलं ते. दिवाळीपर्यंत रोज फक्त डावी बाजू बघायची. उजवी बाजू महिन्यातनं एकदा, ती पण पोट भरलेलं असताना. पण बघायची जरूर, नाहीतर चुकीच्या दुकानात चुकीचा माल घेऊन वर्षभर नेमानं जात बसशील, असं पण मी केलंय. वालचंद कॉलेजच्या बाजूच्या एका दुकानात पाव किलोचं पाकीट चार महिने हलेना, मला वाटायचं चवीत कमी आहे. वही बघितली तर माझी चक्कर एकदापण चुकलेली नव्हती, म्हणजे खोट पाकिटात. हॉस्टेलची पोरं पाव किलो घेऊन ठेवणार कुठं? ५० ग्रॅमचं केलं आणि चालायला लागलं. फेऱ्याच चुकवल्या असत्या तर हे कळलंच नसतं, मूडला दोष देऊन मोकळी झाले असते.

किर्लोस्करांचं शाळेत ऐकलं असशील, पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. भाषणात ही गोष्ट जिद्दीवर नेतात. मला वाटतं त्यांचं बेळगावात सायकलचं दुकान होतं, कडबा कापायचं यंत्र विकत होते, घर चालत होतं, म्हणून नांगराला थांबता आलं. तू पण शिकवण्या सोडू नकोस एवढ्यात.

एक मात्र सांभाळ. पावसात घाई करून कांदा कच्चा भाजून चटणी भरू नकोस. पहिल्या वर्षी लाईन चुकू नये म्हणून मी कांदा नीट न वाळवताच तळला आणि बारा दिवसांत पाकिटात पांढरी बुरशी. सगळ्या दुकानांतनं माल उचलला, पैसे परत दिले. वाराला रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं, बुरशीचा माल घेऊन नाही. आणि आजारी असलीस तर सरळ फोन करून सांग, लोक काही वाघ नाहीत.

येत्या सोमवारी मी हरिपूरला जत्रेत बसणारेय, संगमेश्वराच्या वाटेवर. लोक उपास सोडायला घरी जाताना घेतात काहीबाही. तू बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी घेऊन ये, ५० ग्रॅमची वीस पाकिटं, लेबलवर तारीख टाकून. सकाळी सातला ये. येऊ का म्हणून फोन करू नकोस, मी तुझ्यासाठी अर्धं टेबल मोकळं ठेवतेय.

तुझी,
भडंगवाली काकू