घोट्यात प्लेट बसवणार आहेत, ६ आठवडे पाय टेकवायचा नाही. घरी आधी काय तयारी करावी?

सगळ्यात आधी वॉकर आणा आणि ऑपरेशनच्या आधीच त्यावर एका पायाने चालायचा सराव करा. नंतर दुखत असताना, भुलीच्या गुंगीत ते शिकणं फार कठीण जातं. उंची अशी ठेवा की हात सैल सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत येईल. खालची रबरी बुचं झिजलेली असतील तर बदला.

पडण्याचा धोका सगळ्यात जास्त बाथरूममध्ये. आंघोळीला पक्की प्लास्टिकची खुर्ची, भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची, फरशी कोरडी. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. प्लास्टर भिजलं तर आतली कातडी खराब होते, त्यामुळे पिशवी बांधली तरी पाय पाण्याबाहेरच ठेवा.

सूज उतरवायला पाय छातीपेक्षा वर हवा. उशा पोटरीखाली लावा, टाच मोकळी राहू द्या. नुसती टाच टेकून राहिली तर तिथे जखम होते.

तंबाखू, मिश्री, विडी आजच बंद करा, त्यांच्यामुळे हाड आणि जखम दोन्ही भरायला उशीर लागतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने थांबवू नका.

पायाची बोटं निळी किंवा बधिर पडली, पाय वर ठेवूनही कळ वाढतच गेली, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.