नोंद झाली, पण वाचली कोणी?

प्रश्न : चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आशाताई, सिस्टर, मी आणि डॉक्टर, सगळेच आता मोबाईल-टॅबवर नोंदी भरतो. तरी गरोदर बाईचं कमी हिमोग्लोबिन डॉक्टरांना वेळेत कळत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : रजिस्टर टेबलावर उघडं असायचं. आकडा लिहितालिहिता सिस्टर डॉक्टरांना म्हणायची, "सर, हिचं बघा बरं." टॅबवर 'सेव्ह' दाबलं की सांगून झालं असं वाटतं. ते कोणी आणि कधी वाचायचं, हे मात्र कोणीच ठरवलेलं नसतं.

आरोग्यसेवेचे संशोधक अशा वेळी एकेक नोंद धरून तिच्या मागोमाग जातात. तुम्हालाही ते जमेल. गेल्या महिन्यातल्या दहा गरोदर बायांची यादी काढा. प्रत्येकीपुढे चार तारखा लिहा : रक्त घेतलं, आकडा भरला, डॉक्टरांनी पाहिला, औषध बाईच्या हातात पडलं. कोणत्या दोन तारखांत जास्त दिवस गेले, तिथे दुखणं आहे. पाड्यावर रेंज नसेल तर नोंद सिंक होईपर्यंत टॅबमध्येच पडून राहते, हेही त्यात दिसेल. तिसरी तारीख सापडलीच नाही, तर ते जास्त गंभीर आहे.

मग एक साधा नियम सगळ्यांनी मिळून करा. हिमोग्लोबिन ७ (ग्रॅम/डेसीलिटर) च्या खाली असेल तर नोंद भरण्याआधी डॉक्टरांना फोन, आणि बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवणं त्याच दिवशी. ७ ते ९.९ असेल तर लोहगोळ्यांचा उपचार सुरू करून महिन्याने पुन्हा तपासणी. तेवढ्यात आकडा १ नेही वाढला नाही तर पुढे पाठवायचं. ही महिन्याची तारीख कोणी पाळायची, त्या माणसाचं नाव लिहा. 'आशा/सिस्टर' असं लिहिलंत तर दोघींनाही वाटेल की दुसरी बघेल.

तुमच्या भागात याहून नाजूक गाठ सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची आहे. जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत तपासण्या वाढल्या, पण निकाल एका पोर्टलवर आणि लोहगोळ्या दुसऱ्या नोंदीत, अशी फाटाफूट होते. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाई वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे त्या चाचणीतून कळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागते. नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' वाचून डॉक्टरांनी काय ठरवायचं? एसएस असेल तर हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारणच वेगळं असू शकतं, आणि लोह द्यायचं का, किती, हे तपासूनच ठरवावं लागतं. म्हणून चाचणीचं नाव, निकाल आणि 'पक्की झाली/बाकी' हे तिन्ही गरोदरपणाच्या नोंदीतही लिहा. दोनदा लिहिण्याचा हा एकच त्रास सोसण्यासारखा आहे.

नावांचंही बघा. एका नोंदीत पावरा, दुसरीत पवार, मोबाईल नंबर दिराचा. शोधल्यावर बाई सापडत नाही, मग नवी नोंद उघडली जाते आणि जुने रिपोर्ट मागे राहतात. शोध आरसीएच नंबरानेच (सरकारी माता-बाल नोंदणीत बाईला मिळणारा क्रमांक) घ्या. तो माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या कार्डावर शेवटचं हिमोग्लोबिन तारखेसह, सिकलचा निकाल आणि पुढची तपासणी, एवढं हाताने लिहून द्याच. फडावर तुमचा टॅब जात नाही, कार्ड जातं.

प्रश्न : आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) काढला, तरी धुळ्याच्या डॉक्टरांना माझे शिरपूरचे रिपोर्ट दिसले नाहीत. असं का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : आभाचा १४ अंकी नंबर ही तुमची ओळख आहे, रिपोर्टांची पेटी नव्हे. रिपोर्ट जिथे झाला त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्येच राहतो. तो दुसरीकडे दिसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : शिरपूरच्या लॅबने तो तुमच्या आभाला जोडलेला हवा, धुळ्याच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आभाच्या व्यवस्थेशी जोडलेलं हवं, आणि पाहण्याची संमती तुम्ही मोबाईलवरून दिलेली हवी. तपासणीला गेल्यावर नाव नोंदवतानाच आभा नंबर सांगा. मागाहून जोडणं अवघड जातं. तोवर कागदी रिपोर्ट सोबत असू द्या.