मध पोळीला लावा, काडीला नको

प्रश्न : काकू, आम्ही जुळे सोलापुरात राहतो, वर गच्ची मोकळी आहे. मोबाईलवर पाहिलं की फांदी मधात बुडवायची, दालचिनी लावायची आणि बटाट्यात खोचून पुरायची. कुठलंही फळझाड येतं. आंबा, पेरू, डाळिंब, तिन्ही लावले. डाळिंबाला पानं फुटली, पण मग सगळ्याच काड्या काळ्या पडल्या. काय कमी पडलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, कमी नाही, जास्त झालं. ओल्या मातीत बटाटा कुजतो आणि ती कूज काडीच्या कापाला लागते. मध आणि दालचिनी बुरशीला थोडी आवरतात, पण मुळं फोडत नाहीत. मुळं फुटतात ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकामुळे, आणि ते झाड स्वतःच कोंबांत तयार करतं. मुळं फुटायला लावतात त्या रूटिंग पावडरीत त्याच कामाचं आयबीए नावाचं रसायन असतं. कुणी नारळपाणीही सांगतात. टिश्यू कल्चरवाले, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोपं करणारे, ते वापरतात हे खरं, पण त्यांच्याकडे सगळं निर्जंतुक. आपल्या कुंडीत ते आंबतं आणि मुंग्या येतात.

आंब्याची काडी विसरा. ती सहसा मुळं धरतच नाही, म्हणून तर कोयीच्या रोपावर कलम बांधतात. पेरूची जून फांदीही मातीत रुसते. त्याला पावसाळ्यात झाडावरच गुटी बांधा : पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर रुंद साल गोल काढायची, त्यावर ओलं शेवाळ, वरून प्लास्टिक घट्ट. मुळं प्लास्टिकमधून दिसली की खालून कापा.

डाळिंब मात्र काडीने छान लागतं. अंजीर आणि तुती त्याहून सोपी. गेल्या वर्षीची, पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर काडी घ्या, चार-पाच डोळे असलेली. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जाणार नाही. उलटी काडी फुकट जाते. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन डोळे मातीत. शेणखत आत्ता नको.

पानं फुटली म्हणून फसू नका. काडीत साठलेल्या अन्नावरही पानं येतात, खाली मूळ नसलं तरी. उपटून बघायचा मोह होतो, सगळ्यांनाच होतो, पण दीड-दोन महिने हात लावू नका.

घरातलं खरं उपयोगाचं म्हणाल तर बूड कापलेली पाण्याची बाटली. ती काडीवर पालथी घातली की ओल टिकते. पण सावलीतच. आपल्याकडच्या उन्हात बाटलीत काडी शिजते. मार्च ते मे तर हा उद्योगच नको. पाऊस सुरू झाला की लावा, नाहीतर थंडीत, छाटणीच्या वेळी.

आणि काडी कुठून आणता? ओळखीच्या बागेतून ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची फांदी आणण्याआधी पानांवर तेलकट डाग आणि फळांवर तडे आहेत का बघा. ही डाळिंबाच्या तेल्या रोगाची खूण, आणि त्याचे जिवाणू फांदीतही राहतात. तुमच्या कुंडीतून ते शेजारच्या बागेत गेले तर मालक तुम्हाला काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, निरोगी रोपांबद्दल तिथे चौकशी करा.