क्लच बदलल्यापासून गिअरबॉक्समधून आवाज येतोय, गॅरेजवाला म्हणतो तो आधीपासूनच होता. दुसरीकडे उघडून दुरुस्त करून घेऊ का?

नका. दुरुस्ती कुठेही करा, पण पहिला गॅरेजवाला समोर उभा असल्याशिवाय एक बोल्टही सुटू देऊ नका. एकदा दुसऱ्याचा पाना लागला की पहिला म्हणणार, "त्यानेच बिघडवलं असेल." मग बसा भांडत.

"आधीपासूनच होतं" हे वाक्य मला पाठ आहे. माझ्या गाडीचं काम तर तुमच्याहून साधं होतं, ऑइल आणि फिल्टर बदलायचा. गॅरेज मेव्हण्याच्या ओळखीचं. मी जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर काय काम करायचं त्याचा लेखी कागद, मागितलं, त्यावर किलोमीटर लिहून घेतले, तर मेव्हणा तिथेच ओशाळला. "घरच्या माणसाकडून कागद कसले मागतोस?" घरचा म्हणे!

काही दिवसांनी एका गार सकाळी गाडी काढली, मोठ्या रस्त्याला लागलो आणि ऑइलचा लाल दिवा पेटला. कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागे बघतो तर रस्त्यावर ऑइलचा पट्टा. फोन केल्यावर गॅरेजवाला आणि मेव्हणा दोघेही ऑइलचा कॅन घेऊन हजर. म्हणे, ऑइल ओतू आणि हळूहळू गॅरेजपर्यंत नेऊ. मी चावीच दिली नाही. टो करून गाडी तिसऱ्याच वर्कशॉपला नेली आणि त्या दोघांना म्हटलं, या बघायला.

इथे मेव्हण्याचं आणि माझं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, कॅनभर ऑइलने भागलं असतं, टोचे पैसे फुकट घालवले. मुळात तो लाल दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, दाबाचा असतो. पातळी बघायला डिपस्टिक आहे. गरम इंजिनात वेगात असताना दाब साधारण 3 ते 5 बार असतो आणि दिवा बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावर लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंगमधल्या मिलिमीटरच्या काही शतांश फटीत टिकणारा ऑइलचा थर तुटायला लागलेला असतो. त्यात ऑइल ज्या भोकातून गेलं ते भोक तसंच उघडं. वरून ओतलेलं इंजिन सुरू होताच पुन्हा रस्त्यावर आलं असतं. आणि त्यांच्या गॅरेजमध्ये, माझ्या पाठीमागे, तो फिल्टर निघाला असता. मुद्दा खरा हा होता.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत, मोबाईलवर चित्रण सुरू ठेवून फिल्टर काढला. रबरी रिंगा दोन निघाल्या. जुन्या फिल्टरची रिंग उष्णतेने कडक होऊन इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली होती. ते तोंड फडक्याने पुसलं असतं तर हाताला लागली असती. पुसलंच नाही, नवा फिल्टर तिच्यावरच चढवला. अशा दोन रिंगा थोडे दिवस तग धरतात. मग गार सकाळी ऑइल जाड असतं, सुरू होताना दाब चढतो, एक रिंग बाहेर सरकते आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, बघता बघता रिकामं. हा प्रकार मेकॅनिक लोकांना चांगला ठाऊक आहे, म्हणूनच दोन रिंगा बघून गॅरेजवाला गप्प झाला.

पण किती वेळ? चेंबर उतरवलं, तर बेअरिंगच्या शेलवरचा (आतल्या अर्धगोल पत्र्यावरचा) मऊ थर काही ठिकाणी घासून तांब्याचा रंग दिसत होता. लगेच म्हणाला, "दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी तशीच चालवली असणार." शब्द मेव्हण्याचेच, तोंड फक्त त्याचं! टोच्या पावतीवर गाडी कुठून उचलली ते लिहिलेलं होतं, आणि ऑइलचा पट्टा त्या जागेच्या थोडासाच अलीकडे सुरू झाल्याचे फोटो होते. शेवटी शेल आणि मजुरी त्याने भरली, टोचे पैसे दिले नाहीत. मेव्हणा आजही लग्नाकार्यात चारचौघांत सांगतो की मी ओळखीच्या माणसाला चोरासारखं उभं केलं. उभं केलंच. ओळख असलेल्या माणसाने तर स्वतःहून पुढे यायला हवं होतं. ओळखीचं गॅरेज म्हणजे आपल्याला भांडायची चोरी, बाकी फायदा शून्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या गाडीचं बोलायचं तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांत क्लचसाठी ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांना ताकद नेणारे दांडे) काढावे लागतात, आणि ते काढले की गिअरबॉक्सचं ऑइल वाहून जातं. परत भरायला विसरणं किंवा कमी भरणं ही जुनी खोड आहे. तेव्हा आधी गाडी चालवणं थांबवा आणि दोन्ही पक्षांसमोर गिअरबॉक्सचा लेव्हलचा प्लग (ऑइलची पातळी बघायचं बूच) उघडून पातळी बघा. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून आवाजाचं चित्रण करा. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बघावं लागेल. दाबल्यावरच येत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), आणि ते क्लचच्याच कामात मोडतं, तिथे "आधीपासून होता" चालत नाही. बिलावर त्या बेअरिंगची ओळ आहे का बघा. काढलेला जुना क्लचही मागून घ्या.

तक्रार लेखी द्या, मुदत घालून द्या. बिल भरेपर्यंत तो गाडी सोडत नसेल तर "हरकत नोंदवून पैसे भरत आहे" असं बिलावर लिहूनच भरा. पुढे कुठे दाद मागायची ते तुमच्या देशातल्या नियमांवर आहे, ते तिथल्या वकिलाला विचारा. विमा असेल तर कळवून ठेवा, पण यांत्रिक बिघाड बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत.

आणि हो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग खरोखरच आधीपासून गेलेलं असू शकतं. जुन्या क्लचच्या घरघरीत तो आवाज बुडून जातो आणि नवा बसल्यावर ऐकू येतो. ऑइलची पातळी बरोबर निघाली तर गॅरेजवाल्याचं म्हणणं लगेच उडवून लावू नका. माझ्या मेव्हण्याला मात्र हा परिच्छेद दाखवू नका.