पोट भरलेला लायनफिश

प्रश्न: दादा, आमच्या चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन क्लाउनफिश वर्षभर मजेत होते. दिवाळीला हौसेनं वीतभर लायनफिश आणला, दुकानदार म्हणला पोट भरलेलं ठेवा काही करत नाही, आठ दिवस काही केलं बी नाही आन परवा सकाळी बघतो तर एक क्लाउन गायब. टाकीला झाकण आहे, फिल्टर खोलून बघितला, तिथं बी नाही. आता लायनफिशला हौदातले गप्पी टाकत राहिलो तर दुसरा वाचंल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: फिल्टर खोलायच्या आधी लायनफिशचं पोट बघायचं होतं राव. तो दिवसा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा गप असतो, खरा धंदा दिवेलागणीनंतर, पंखासारखे पर पसरून बारक्या माशाला कोपऱ्यात घेतो, तोंडानं पाण्याची फुंकर मारून त्याला स्वतःकडं वळवतो आन अख्खा गिळतो. म्हणून ना काटा सापडतो ना खवला. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासा त्याला जड नाही, आन तुमचा क्लाउन मोठा होऊन होऊन होणार ८-९ सेंटीमीटर. समुद्रात क्लाउनला ॲनिमोनीचा, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जिवाचा आधार असतो, डंख मारणाऱ्या त्या झुपक्यात शत्रू घुसत नाही. तुमच्या टाकीत कोण आहे त्याला?

गप्पी अजिबात नको. गोड्या पाण्यातले मासे रोज खाऊन त्याचं लिव्हर खराब होतं, वर हलतंय ते खायचं ही सवय आणखी पक्की. गप्पी डासांसाठीच राहू द्या. बर्फातली कोळंबी वितळवून काडीला लावून हलवत द्या, आधी तोंड फिरवंल, पण शिकतो.

लायनफिशसोबत दुसरा मासा ठेवायचाच तर त्याच्या तोंडात न मावणारा मोठा फॉक्सफेस मासा चालतो, ट्रिगरफिश नको, तो उलट ह्याचेच पर कुरतडतो. पण लायनफिश फुटाच्या वर जातो, चार फुटात ही गर्दीच. आन दुसरी टाकी म्हणाल तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आपलं, टाकीसाठी आरओ मशीननं पाणी गाळताना वाया जाणारं पाणी बघून घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.

मी तर आजच परत करा म्हणीन. जाळीनं धरू नका, काटे अडकतात, प्लास्टिकच्या डब्यात हुसकून घ्या. पाठीवरचे काटे विषारी असतात, टोचलाच तर सोसवंल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आन दवाखाना गाठा. दुकानदार कां-कूं करायला लागला तर पैसे सोडा, मासा देऊन या.