गावचे सुपुत्र सीआयएसएफमधून डीआयजी म्हणून निवृत्त होताहेत. गावाने सत्कार कसा करावा, मानपत्रात काय लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खटाव तालुक्यातल्या तुमच्या गावचे साहेब केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून महिनाअखेर निवृत्त होताहेत. तारापूर, मुंबई विमानतळ अशा ठिकाणी त्यांची नोकरी झाली. गावाला ३१ तारखेलाच जंगी कार्यक्रम करायचाय आणि मानपत्र तुमच्या गळ्यात पडलंय. मी साताऱ्यातला निवृत्त मास्तर. सेवापूर्तीची मानपत्रं लिहून देणं हा माझा जुना बिनपगारी उद्योग, त्यातही पोलीस खात्यातली जास्त. त्या अनुभवावर सांगतो.

आधी तारीख बदला. ३१ला साहेब दिवसभर नोकरीतच आहेत, निवृत्ती त्या दिवशी संध्याकाळी लागू होते. त्या दिवशी त्यांच्या युनिटमध्ये मानवंदना असेल, जवानांबरोबर बडाखाना, म्हणजे एकत्र जेवणाची पंगत असेल. फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये साहेबांना बसवून जवानांनी ती दोरखंडाने गेटपर्यंत ओढत न्यायची, अशीही रीत बऱ्याच ठिकाणी आहे. तो दिवस त्यांच्या जवानांचा, गावाने त्यात हात घालू नये. दुसरं म्हणजे, केंद्र सरकारच्या १९६४च्या वर्तणूक नियमांप्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र घेता येत नाही, स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या जाहीर सभेलाही जाता येत नाही. सहकाऱ्यांनी दिलेला खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप चालतो. कमान उभारून, आमदारांना बोलावून केलेला नागरी सत्कार घरगुती कसा म्हणणार? त्याच नियमांत निरोपासाठी कर्मचाऱ्यांवर वर्गणीची सक्ती करायलाही मनाई आहे. तुमच्या गावातले जे नोकरदार आहेत, त्यांच्या नावापुढे परस्पर आकडे टाकू नका. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार धरा, म्हणजे साहेबही मोकळ्या मनाने येतील.

(महिना मे असेल तर आणखी एक गंमत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिलेली आमची अख्खी पिढी ३१ मेला निवृत्त होते, कारण एक तारखेला जन्मलेल्यांना आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सोडतात. त्या आठवड्यात मंगल कार्यालय, फेटेवाला, बँडवाला काहीही मिळत नाही.)

आता फ्लेक्स. छापायला देण्याआधी साहेबांच्या घरून हुद्दा लिहून आणा. दलात समादेशक, वरिष्ठ समादेशक, मग उपमहानिरीक्षक, मग महानिरीक्षक अशी चढण आहे. डीआयजी म्हणजे उपमहानिरीक्षक. घाईत ‘उप’ गाळलात तर साहेबांना फुकटची एक बढती मिळते, आणि समोर बसलेले त्यांचे बॅचमेट आयुष्यभर चिडवतात. ‘मिलिटरीतून निवृत्त’ असंही छापू नका. आपल्या जिल्ह्यात वर्दी घालून बाहेरगावी गेलेला प्रत्येक जण मिलिटरीतच असतो, हे मला ठाऊक आहे. पण हे दल गृह मंत्रालयाचं आहे. १० मार्च १९६९ रोजी ते उभं राहिलं, तेही सरकारी कारखाने आणि प्रकल्प सांभाळायला. मंचावर कुणीतरी ‘अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त’ असंही हमखास म्हणणार. अठ्ठावन्न आपल्या राज्य पोलिसांचं, या दलात साठ.

पदकाचं तर फारच जपून लिहा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होणाऱ्या सेवापदकांत दोन प्रकार असतात: विशिष्ट सेवेसाठीचं राष्ट्रपती पदक, आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठीचं पदक. आपली वर्तमानपत्रं दोन्हीला बिनधास्त ‘राष्ट्रपती पदक’ म्हणतात. साहेबांना कोणतं आणि कोणत्या वर्षी मिळालं, ते विचारून तेवढंच लिहा.

मानपत्राकडे येतो. तुमच्या मसुद्यातले ‘कर्तव्यदक्ष, धडाडीचे, मनमिळाऊ, अजातशत्रू’ हे शब्द मी न बघताच ओळखले. यातला एकही शब्द ठेवू नका. सुरक्षेत चाळीस वर्षं घालवलेला माणूस अजातशत्रू असेल तर त्याने काम काय केलं?

खरी अडचण अशी की या नोकरीत काम चोख झालं की दाखवायला काहीच उरत नाही. इंजिनियरचा पूल दिसतो, मास्तरचे विद्यार्थी भेटतात. इथे मात्र आग लागली नाही, चोरी झाली नाही, विमान सुखरूप उडालं, एवढीच कमाई. म्हणून लोक विशेषणांचा आधार घेतात. त्याऐवजी प्रसंग शोधा, आणि ते साहेबांना विचारू नका. ते ‘ड्युटी केली, बाकी काय’ म्हणून चहा सांगतील. त्यांच्या ड्रायव्हरला विचारा, त्यांच्या हाताखालच्या निरीक्षकाला विचारा.

एका पोलीस अधिकाऱ्याच्या मानपत्राच्या वेळी मी हेच केलं होतं. घरच्यांनी दिलेल्या कागदावर बदल्यांची यादी होती, बस्स. मग त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, ‘माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघायची असली की साहेब आदल्या दिवशी उन्हात तो रस्ता चालत जायचे. हातात काठी. साइडपट्टी खचलीय का ते काठीने दाबून बघायचे. कडेला बिनकठड्याची विहीर दिसली की तिथंच थांबायचे. बांबू बांधून, लाल फडकं लावून होईस्तोवर गाडीत बसायचे नाहीत. जेवणाचा डबा तसाच राहायचा.’ चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं, तिथे लाखोंची गर्दी असते, आणि त्या गर्दीत आपण विहिरीत का पडलो नाही याचा विचार कोण करतो? मी मानपत्रात ही विहीर घातली. वाचताना अधिकारी खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या पत्नी ड्रायव्हरकडे वळून बघत होत्या. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती.

तुमच्या साहेबांच्या बाबतीत शोधायला जागा भरपूर आहे. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून कंदाहारला नेलं. तोवर विमानतळांवर त्या त्या राज्याचे पोलीस असायचे. त्यानंतर ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने या दलाकडे आली, सुरुवात फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून झाली. कारखान्याचं गेट सांभाळणाऱ्या माणसांना एकदम प्रवाशांशी बोलायचं, बॅगा तपासायच्या, चिडलेल्या माणसाला ‘सर’ म्हणायचं काम शिकावं लागलं. साहेब मुंबई विमानतळावर कोणत्या वर्षी गेले, या बदलाच्या काळात होते का, तेव्हा जवानांना त्यांनी काय शिकवलं, एवढं शोधा. गावातले जे लोक दुबईला जाऊन आलेत, त्यांनी विमानतळावर खिसे रिकामे करायला लावणारा जवान पाहिलेला आहे. त्या जवानाचे साहेब म्हणजे आपले साहेब, हे एका वाक्यात सांगितलंत तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळेल.

तारापूरच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. तिथे अणुऊर्जा केंद्र आहे. साहेब अमुक वर्षं तिथे होते, एवढंच पुरे. किती जवान, कोणता दरवाजा, काय यंत्रणा, असलं काही कुणी कौतुकाने सांगायला लागला तर माइक काढून घ्या. तुमचा कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह जाणार आहे, हे विसरू नका.

दुसरी एक गोष्ट वक्त्यांना आधी सांगून ठेवा. सातारा जिल्ह्यात वर्दीवर कुणी बोलायला उभं राहिलं की तुकाराम ओंबळे यांचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. जावळीतल्या केडंब्याचा हा माणूस २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी धरून राहिला आणि मरणोत्तर अशोकचक्राचा मानकरी झाला. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाले. त्यांना आदरांजली द्या, पंचक्रोशीतल्या शहीद कुटुंबांना पहिल्या रांगेत बसवा, सत्काराआधी त्यांचा मान करा. पण ‘आमचे साहेबही त्याच तोडीचे’ असली तुलना नको. ती साहेबांनाच सगळ्यात जास्त टोचेल.

बाकी बारीकसारीक. मिरवणूक काढा, हलगी-लेझीम लावा, भैरवनाथाचं दर्शन घडवा. जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळायचा बेत मात्र रद्द करा. सुरक्षा हाच ज्याचा जन्मभराचा विषय, त्याच्या डोक्यावर यंत्राचा दातेरी पंजा लोंबकळवायचा म्हणजे कमाल आहे. चांदीची तलवार नको, त्या पैशांत गावच्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घ्या आणि पहिला संच साहेबांच्या हस्ते मुलांना द्या. यूपीएससीच्या सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या) परीक्षेतून थेट सहायक समादेशक, म्हणजे अधिकारीच होता येतं, हे तुमच्या गावातल्या किती पोरांना माहीत आहे? साहेबांना भाषणात तेच सांगायला लावा. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं आपल्याकडे ढिगाने आहेत, पण अधिकारी होण्याची वाट त्यांना कुणी दाखवत नाही.

पाहुण्यांचे हारतुरे पंधरा मिनिटांत उरका. वक्ते तीनच ठेवा: एक गावचा, एक शाळासोबती आणि एक त्यांच्या हाताखाली काम केलेला. हा तिसरा शोधायला वेळ लागेल, आजच फोन लावा. आणि वहिनींना नुसती साडी देऊन खाली बसवू नका. दर बदलीला मुलांची शाळा बदलायची, भांड्यांची खोकी बांधायची, दिवाळीत नवरा ड्युटीवर असताना कंदील एकटीने लावायचा, हे त्यांनी केलंय. बोलायला तयार असतील तर त्यांना साहेबांच्या आधी माइक द्या, नंतर दिलात तर लोक जेवायला उठलेले असतील.