यान सुरक्षित आहे, हे सिद्ध करायचे कोणी?

प्रश्न : मानवी अंतराळ मोहिमांसाठी सुरक्षिततेचे ठरलेले निकष असतात का? असतील, तर अपघातानंतर ‘इशारा आधीच मिळाला होता’ असे पुन्हा पुन्हा का ऐकू येते, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

उत्तर : निकष असतात आणि ते आकड्यांतही मांडलेले असतात. खासगी यानांतून अंतराळ स्थानकाकडे माणसे पाठवताना, अंतराळवीर दगावण्याचा धोका २७० मोहिमांमागे एकाहून अधिक असता कामा नये, अशी अट नासाने घातली होती. परंतु आकडा कोण मांडतो, यावर बरेच काही अवलंबून असते. नासाच्या चॅलेंजर या शटलच्या (पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाच्या) दुर्घटनेच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना असे आढळले की, शटल गमावण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत होते, तर अभियंते शंभरात एकच्या आसपास. पुढे १३५ उड्डाणांत दोन याने आणि चौदा माणसे गेली.

त्यामुळे माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे : शंका उपस्थित झाली की पुराव्याचा भार कोणावर पडतो? २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजरचे बूस्टर (उड्डाणाच्या वेळी जोर देणारी रॉकेटे) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत सांगितले की, तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, कारण बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग थंडीत ताठर होतात. आदल्या वर्षी थंडीत झालेल्या उड्डाणानंतर सांध्यात काजळी सापडलीही होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीला हरकत घेतली, कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात बोलायला वेळ मागून घेतला आणि अभियंत्यांचा विरोध कायम असताना होकार कळवला. यान सुरक्षित असल्याचा पुरावा मागायचा सोडून, ते असुरक्षित असल्याचा पुरावा अभियंत्यांकडे मागितला गेला. अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत हा वाद पोहोचलाच नव्हता, असे दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नोंदवले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले.

२००३ मध्ये हेच पुन्हा घडावे, याचे मला अतिशय वाईट वाटते. कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखावर इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा (फोमचा) तुकडा आदळल्यानंतर, यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मागितली होती, पण ती घेतली गेली नाहीत. कल्पना चावला यांच्यासह सात जण परतले नाहीत. त्यानंतर नासाने वेळापत्रक आणि खर्च सांभाळणाऱ्या साखळीपासून तांत्रिक निर्णयांचा अधिकार वेगळा केला. २०२४ मध्ये बोइंगच्या स्टारलायनर यानाचे थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिने) बिघडले, तेव्हा दोन्ही अंतराळवीरांना त्यातून न आणता यान रिकामे उतरवले गेले. ते सुखरूप उतरले म्हणून तो निर्णय चुकीचा ठरत नाही, कारण त्या वेळी यान भरवशाचे असल्याची खात्री कोणालाच देता आली नव्हती.

प्रश्न : पैसे भरून जाणाऱ्या प्रवाशांना हेच नियम लागू असतात का?

उत्तर : नाही. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार प्रवाशाला धोक्यांची लेखी माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते. मात्र यानातील प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यास तेथील विमान वाहतूक प्रशासनाला मोठ्या प्रमाणावर मनाई आहे. तिची मुदत अनेकदा वाढवून आता १ जानेवारी २०२८ पर्यंत नेली आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी मोहिमांची जबाबदारीही संबंधित राष्ट्रावरच असते, परंतु १९७२ चा नुकसानभरपाईचा करार प्रक्षेपण करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. अशा नागरिकाच्या वारसांसमोर मग देशांतर्गत न्यायालय आणि त्याने सही केलेला कागद एवढेच उरते.